खेळाडूची नजर : काय तपासावे, काय शिकवावे



परळ भागातील एका शाळेत मी चोवीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. त्या काळात माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

नायगावच्या चाळीत राहणारा एक मुलगा आठवीत असताना शाळेच्या क्रिकेट संघात आला. डावखुरा होता आणि अंगाने चपळ. पण कव्हरला उभा केला की सोपे झेल सोडायचा आणि फलंदाजीत बॅट नेहमी उशिरा आणायचा. मी त्याला मैदानावर सगळ्यांसमोर बोलायचो. "झोपलास का?", "लक्ष कुठंय तुझं?" हे माझे नेहमीचे शब्द. नववीच्या वर्षी मी त्याला संघातून वगळले आणि त्याचे कारण 'आळशी' असे ठरवून टाकले. दहावीत फळ्यावरचे दिसत नाही म्हणून वर्गशिक्षिकेने त्याला डोळे तपासायला पाठवले, तेव्हा दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोनचा नंबर निघाला. उणे सव्वादोन म्हणजे साधारण हातभर अंतरापलीकडचे सगळे पुसट. चष्मा मिळाल्यावर एका संध्याकाळी तो मैदानावर आला, थोडा वेळ खेळला आणि मला म्हणाला, "सर, आता चेंडू हातातून सुटताना दिसतो. आधी तो मधेच कुठेतरी उगवायचा."

शाळेचे वर्ष तोपर्यंत संपत आले होते. संघात परत घ्यायला वेळच उरला नव्हता. दोन वर्षे तो मुलगा अर्धा चेंडू बघून खेळत होता आणि मी त्याला स्वभाव सुधारायला सांगत होतो. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, मुलांवर करून पाहू लागलो. त्यातले उपयोगाचे येथे मांडतो.

'नजर चांगली आहे' असे आपण खेळाडूबद्दल म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. पहिली, डोळ्याला स्पष्ट दिसणे. दुसरी, योग्य वेळी योग्य जागी बघणे. तिसरी, जे दिसले त्यावरून पुढे काय होणार ते ओळखणे. पहिली गोष्ट डॉक्टरांकडची. ती सरावाने दुरुस्त होत नाही, चष्म्याने होते. दुसरी आणि तिसरी मात्र सरावाने येतात, आणि त्या सरावाला यंत्र लागत नाही. लोक नेमके उलटे करतात. पहिलीसाठी व्यायाम करतात आणि उरलेल्या दोन्हींना 'देवाची देणगी' म्हणून सोडून देतात.

आधी थोडे गणित पाहू. क्रिकेटच्या खेळपट्टीत गोलंदाजाच्या क्रीझपासून फलंदाजाच्या क्रीझपर्यंत साधारण १७.७ मीटर अंतर असते. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर जेमतेम अर्ध्या सेकंदात कापतो. शालेय सामन्यात ताशी १०० किलोमीटर वेग धरला तरी पाऊण सेकंदही मिळत नाही. आता माणसाला एखादी गोष्ट दिसून तिच्यावर हातापायाची हालचाल सुरू व्हायला सुमारे ०.२ सेकंद लागतो. तो कोणालाच टळत नाही. म्हणजे वेगवान चेंडूच्या शेवटच्या सात मीटरांत फलंदाजाने नवीन काही बघितले तरी त्याचा उपयोग करायला वेळ नसतो.

इंग्लंडमधील पीटर मॅक्लिऑड या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली हे एका गमतीदार प्रयोगाने दाखवले. मॅटिंगच्या खाली त्याने अर्धगोल लाकडी पट्ट्या ठेवल्या, त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळे. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांनाही टप्प्यानंतर फटका बदलायला सुमारे ०.२ सेकंद लागले, म्हणजे तुम्हाआम्हाला लागतो तेवढाच वेळ. थोर फलंदाजाच्या नसा वेगळ्या धातूच्या नसतात. मग त्याला वेळ जास्त मिळाल्यासारखे का वाटते? कारण तो बघायला आधी सुरुवात करतो आणि टप्पा कुठे पडणार ते आधी ओळखतो.

याच मॅक्लिऑड यांनी मायकेल लँड या डोळ्याच्या अभ्यासकाबरोबर २००० साली फलंदाजांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून त्यांची नजर कुठे जाते ते टिपले. 'चेंडूवरून नजर काढू नकोस' असे आपण सगळे प्रशिक्षक घसा कोरडा करून सांगत असतो. आणि येथे निघाले असे की चांगला फलंदाज चेंडूवरून नजर काढतोच! चेंडू सुटल्यावर अगदी थोडा वेळ तो त्याच्याकडे बघतो, आणि मग नजर झटकन पुढे उडी मारून जिथे टप्पा पडणार तिथे चेंडूच्या आधी जाऊन बसते. कच्चा फलंदाजही उडी मारतो, पण उशिरा मारतो. २०१३ साली डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या उत्तम फलंदाजांवर असाच अभ्यास केला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. हे फलंदाज डोळ्यांबरोबर डोकेही चेंडूच्या दिशेने फिरवत ठेवतात. म्हणून 'डोकं स्थिर ठेव' हे सांगणे अर्धेच बरोबर आहे. डोके कलंडू नये हे खरे, पण ते खांबासारखे ताठही नको. चेंडू खाली येतो तसे ते खाली वळले पाहिजे.

चेंडू सुटण्याआधीच्या क्षणांतही पुष्कळ माहिती असते. ब्रूस अॅबरनेथी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८०च्या दशकात बॅडमिंटनवर आणि पुढे आपल्या सहकाऱ्यांबरोबर क्रिकेटवर एक साधी युक्ती वापरली. खेळाची फिल्म दाखवायची, चेंडू किंवा शटल सुटायच्या जरा आधीच ती कापायची आणि विचारायचे, कुठे जाईल? नवखे अंदाज बांधतात. मुरलेले खेळाडू गोलंदाजाचे मनगट, हात आणि खांदा पाहून बऱ्याचदा बरोबर सांगतात. ही ओळख जन्मजात नसते, ती पाहिलेल्या चेंडूंच्या संख्येवर येते.

आपल्या मुंबईतला याचा सर्वांत चांगला दाखला माझ्या मते एकनाथ सोलकर. त्यांचे वडील मरीन लाइन्सच्या पी. जे. हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करत आणि कुटुंब तिथेच एका खोलीत राहत असे. म्हणजे हा मुलगा अक्षरशः क्रिकेट बघत वाढला. पुढे भारताकडून २७ कसोटी सामन्यांत त्यांनी ५३ झेल घेतले, यष्टिरक्षक नसताना. बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीवर ते फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहत. डोक्यावर हेल्मेट नसे. फलंदाज अडीच-तीन मीटरवर. तिथे बॅटवरून ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू पोहोचायला सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा लागतो, म्हणजे दिसून हात हलण्याआधीच तो निघून गेलेला असायला हवा. तरीही झेल घेतला जातो, याचा अर्थ हालचाल चेंडू बॅटला लागण्याच्या आधीच सुरू झालेली असते. चेंडूची उंची, फलंदाजाचा पुढे आलेला पाय, बॅटच्या तोंडाची दिशा यांवरून शरीराला कौल मिळालेला असतो. १९७१च्या ओव्हल कसोटीत वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर अॅलन नॉटचा त्यांनी पुढे झेपावून घेतलेला झेल जुन्या छायाचित्रात अनेकांनी पाहिला असेल. इंग्लंडमध्ये भारताने जिंकलेला तो पहिला कसोटी सामना. त्या झेलाला 'चपळाई' म्हणणे मला अपुरे वाटते.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घ्या. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १९६१च्या जुलैमध्ये इंग्लंडमधील मोटार अपघातात जवळजवळ गेली. कसोटी पदार्पण त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात केले. म्हणजे त्यांचे सर्व ४६ कसोटी सामने आणि सहा शतके ही अपघातानंतरची आहेत. सुरुवातीला त्यांना दोन चेंडू दिसत. टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळण्याची युक्ती त्यांनी काढली. यावरून डोळा गेला तरी चालतो असे कोणी समजू नये. त्यांनी स्वतःच्या खेळाला मर्यादा आल्याचे कधी लपवले नाही. पण दिसणे कमी झाले तरी ओळखणे शिल्लक राहते, हे त्यातून कळते.

बघण्याच्या जागेला किती किंमत असते, याचा किस्सा सचिन तेंडुलकरने सांगितलेला आहे. १९९९ साली मोहालीत न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत ख्रिस केर्न्स जुना चेंडू उलटा वळवत होता आणि राहुल द्रविडला दिशा कळत नव्हती. सचिन दुसऱ्या टोकाला उभा. तिथून केर्न्सच्या हातातल्या चेंडूची चकाकती बाजू दिसायची. ठरले असे की ती ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे सचिन आपली बॅट डाव्या किंवा उजव्या हातात धरणार. द्रविड गोलंदाजाकडे न बघता सचिनकडे बघू लागला! काही वेळाने केर्न्सला संशय आला आणि त्याने शिवण आडवी धरून चेंडू टाकला. डोळे तेच, चेंडू तोच. फक्त माहिती कुठे आहे हे शोधून नजर तिथे नेली.

सचिन घडला तो शिवाजी पार्कवर, रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली. शिवाजी पार्कातल्या पहिल्या उन्हाळी सुट्टीत ६० दिवसांत ५५ सराव सामने खेळल्याचे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. दिवस मावळताना सर मधल्या स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. बाद करील त्याला ते मिळे, कोणीच बाद करू शकला नाही तर सचिनला. सगळे त्या नाण्यातून जिद्दीचा धडा काढतात. मला त्यात नजरेचाही दिसतो. दमलेले शरीर, उतरता प्रकाश, पाठोपाठ बदलणारे गोलंदाज आणि प्रत्येकाचा हात वेगळा. दिवसभरात किती प्रकारच्या मनगटांतून सुटलेले चेंडू त्या मुलाने पाहिले असतील! मोठा झाल्यावरही त्याने हीच पद्धत ठेवली. १९९८ साली शेन वॉर्न येणार म्हणून त्याने चेन्नईत लक्ष्मण शिवरामकृष्णनला लेग स्टंपबाहेरच्या उखडलेल्या जागेत राउंड द विकेट चेंडू टाकायला लावले. त्या मालिकेतल्या पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात त्याच्या नाबाद १५५ धावा झाल्या. ज्या चेंडूला सामोरे जायचे तोच चेंडू सरावात पाहायचा, एवढेच ते.

येथे थोडे थांबून एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. चेंडू पाहायला मिळणे ही संधी आहे, आणि संधी सर्वांना सारखी मिळत नाही. बाळू पालवणकर पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करता करता युरोपियन सभासदांना तासन्‌तास गोलंदाजी करत. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. गोलंदाज म्हणून ते इतके मुरले की १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हजारो चेंडू टाकून फलंदाजांचे पाय आणि बॅट वाचायला ते शिकले. फलंदाजीची नजर त्यांना तिथे मिळणे शक्यच नव्हते. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना बॅट मिळाली आणि ते उत्तम फलंदाज झाले, १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधारही. आज जात पुसून नेट देत नाहीत, पण फी विचारून देतात. आपल्या वस्तीतला मुलगा गल्लीत टेनिस चेंडूवर राजा असतो आणि मैदानावर सीझन चेंडूसमोर गडबडतो. लोक म्हणतात घाबरला. भीती असतेच, पण मुख्य कारण वेगळे आहे. टेनिस चेंडू टप्प्यानंतर उंच आणि सावकाश येतो. त्याच्या नजरेने टप्प्यापासून बॅटपर्यंतचा जो हिशेब पाठ केलेला असतो तो येथे चुकतो. तो हिशेब नव्याने बसायला सीझन चेंडूवरचा सरावच हवा. आपल्या मंडळांनी ढोल-ताशाच्या खर्चातून एक मॅटिंग आणि डझनभर चेंडू घ्यायला काही हरकत नसावी. (हे मी बैठकीतही बोललो आहे. असो.)

बाजारात 'डोळ्यांच्या व्यायामाने खेळ सुधारा', 'चष्मा घालवा' अशा जाहिराती दिसतात. डोळे गरगर फिरवणे, जवळ-दूर बघणे, मोबाइलवर चमकणारे ठिपके टिपणे असे त्यात असते. अॅबरनेथी आणि वुड यांनी २००१ साली याची नीट परीक्षा घेतली. टेनिस शिकणाऱ्यांचे चार गट केले. दोन गटांना असे दोन प्रसिद्ध कार्यक्रम दिले, तिसऱ्याला फक्त टेनिसविषयी वाचायला आणि बघायला दिले, चौथ्याला काहीच जादा नाही. चार आठवड्यांनी पाहिले तर व्यायाम केलेले गट बाकीच्यांपेक्षा पुढे गेलेले नव्हते. दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने दृष्टीचा सराव केला आणि त्यांची फलंदाजीची सरासरी २०१०च्या हंगामातील ०.२५१ वरून २०११ मध्ये ०.२८५ वर गेली, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. पण तिथे सराव न केलेला दुसरा गट तुलनेला नव्हता, त्यामुळे श्रेय कशाला द्यावे ते ठरत नाही. माझे मत स्पष्ट आहे. अशा वर्गांवर पैसे घालवू नयेत. दोन्ही डोळे जवळ वळवताना त्रास होणे असा एक दोष असतो, त्यावर नेत्रतज्ज्ञ व्यायाम देतात. तो उपचार आहे, त्याची गोष्ट वेगळी.

मग सरावात काय करायचे? मी मुलांकडून जे करून घेतो ते सांगतो.

सहा जुन्या चेंडूंवर रंगीत मार्करने ठिपके काढावेत, तीनवर लाल, तीनवर निळे. टाकणाऱ्याने चेंडू मुठीत झाकून धावत यावे. फलंदाजाने चेंडू खेळायच्या आधी रंग मोठ्याने सांगावा. सुरुवातीला मुले टप्प्यानंतर सांगतात, काहींची तर बॅट फिरून गेल्यावर जीभ हलते. पंधरा दिवसांनी आवाज लवकर यायला लागतो. या खेळाची खुबी ही की नजर आपोआप गोलंदाजाच्या हाताकडे जाते. 'हाताकडे बघ' असे शंभरदा सांगून जात नाही.

दुसरे, मोबाइल. घरातला मोबाइल मुलांच्या हाती असतोच, तर त्याचा उपयोग करा. फलंदाजाच्या जागी, डोळ्याच्या उंचीवर मोबाइल धरून आपल्याच गोलंदाजांचे चित्रण करावे. मग ते लावून चेंडू सुटतो त्या क्षणी थांबवावे आणि विचारावे : आखूड की पुढे? आत की बाहेर? उत्तर घेतल्यावरच पुढचे दाखवावे. पावसाळ्यात, मैदानावर तळे साचलेले असताना, चाळीच्या गॅलरीत आठ-दहा मुलांना बसवून हे उत्तम होते. चढाओढ लागते. चुकीच्या उत्तरावर हसू द्यावे, रागावू नये.

आझाद मैदानाचा येथे उल्लेख करतो. तिथे एका वेळी इतके सामने चालू असतात की तुमच्या मिड-ऑनच्या मागे दुसऱ्याचा पॉइंट उभा असतो. बाहेरगावचे संघ याने बावरतात. आपली मुले मात्र चार चेंडूंतून आपला चेंडू निवडायला लहानपणीच शिकतात. मी सरावात हे मुद्दाम करतो. झेल देताना टाकणाऱ्याच्या मागे दोन मुलांना दुसरा चेंडू खेळवायला लावतो. पांढऱ्या भिंतीसमोर घेतलेले झेल सामन्यात फारसे कामी येत नाहीत.

खो-खो आणि कबड्डीत बघण्याची पद्धत उलटी आहे. डोळ्याच्या पडद्यावर बारकावा दिसणारा भाग, शाळेच्या पुस्तकातला पीतबिंदू, फार लहान असतो. हात लांब करून अंगठा धरला तर साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढेच आपल्याला खरे स्पष्ट दिसते. बाकीचे सगळे पुसट, पण त्या पुसट भागाला हालचाल मात्र चटकन कळते. कबड्डीत चढाई करणाऱ्यासमोर सात जण उभे असतात. त्याने कोपऱ्यातल्या खेळाडूच्या तोंडाकडे रोखून पाहिले, तर दुसऱ्या बाजूची साखळी कधी जवळ आली ते उशिरा कळते. म्हणून नजर मधल्या खेळाडूंच्या कंबरेच्या पातळीवर सैल ठेवायची आणि दोन्ही कोपरे कडेच्या नजरेने सांभाळायचे. पकड करणाऱ्यांनीही चढाईवाल्याच्या कंबरेवर नजर ठेवावी; हात आणि पाय हूल देतात, कंबर त्या मानाने कमी. खो-खोत आक्रमकाला एकदा दिशा घेतली की उलट वळता येत नाही, आणि ती दिशा खांद्यावरून ठरते. संरक्षण करणाऱ्या मुलीने आक्रमकाच्या चेहऱ्यापेक्षा खांद्याकडे आणि बसलेल्यांपैकी उठायच्या तयारीत कोण आहे त्याच्या गुडघ्याकडे लक्ष ठेवले तर अर्धे पाऊल आधी मिळते. अमर हिंद मंडळाच्या किंवा परळच्या कामगार मैदानावरच्या सामन्यांना गेलात तर एकदा चेंडूफळी बघायची सवय सोडून हे बघा. जाणता संरक्षक पळत असतो त्याच्या आधी वळलेला असतो.

नेमबाजीत तर नजर थोपवून धरणे हेच कसब. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एन.सी.सी.च्या निमित्ताने रायफल हाती धरलेली अंजली वेदपाठक, म्हणजेच अंजली भागवत, २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेली. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. डोळा जवळची साइट आणि दूरचे लक्ष्य दोन्ही एकाच वेळी स्पष्ट बघू शकत नाही. नेमबाज साइट स्पष्ट ठेवतो आणि लक्ष्य किंचित पुसट राहू देतो. कॅनडातील जोन व्हिकर्स यांनी १९९६ साली बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर दाखवले की चांगले खेळाडू चेंडू सोडण्याआधी कड्यावर नजर जास्त वेळ स्थिर ठेवतात. आपल्या लालबाग-परळच्या मंडळांतले कॅरमपटू हेच करतात. स्ट्रायकर सोडण्यापूर्वी नजर सोंगटीच्या ज्या जागी तो लागायला हवा तिथे ठेवायची आणि बोट सुटेपर्यंत ती हलवायची नाही. खिशाकडे डोकावले की फटका बिघडतो, करून बघा.

आता पुन्हा पहिल्या गोष्टीकडे, डोळ्याच्या नंबराकडे.

लघुदृष्टी बहुधा शाळेच्या वयात सुरू होते आणि वाढत जाते. ज्याला जन्मापासून स्पष्ट दिसत होते त्याला ती हळूहळू येते, त्यामुळे मुलाला स्वतःला कळत नाही. सगळ्यांना असेच दिसते असे तो समजतो. चीनमधील ग्वांगझौ शहरात शाळांवर तीन वर्षे प्रयोग करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत रोज ४० मिनिटे मैदानावरचा जादा तास ठेवला तिथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, आणि ठेवला नाही तिथे ३९.५ टक्के. उघड्यावरचा उजेड डोळ्याला लागतो. चाळी पाडून टॉवर होताना मधले चौक जातात, वाहनतळ येतात. त्यात फक्त क्रिकेट जाते असे नाही.

चष्मा लागला म्हणून खेळ थांबवायचा नाही. पण काचेच्या भिंगांचा चष्मा घालून कोणताही चेंडूचा खेळ खेळू नये, काच फुटून डोळ्यात जाऊ शकते. पॉलिकार्बोनेटची भिंगे आणि मागून रबरी पट्टा असलेली फ्रेम मागावी. कबड्डीसारख्या अंगलटीच्या खेळात चष्मा चालत नाही, तिथे मोठ्या मुलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार करावा, आणि लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये. मुलींच्या बाबतीत मला अजून एक अनुभव येतो. नंबर निघतो, कागद मिळतो, पण चष्मा येत नाही. 'लग्नाच्या वेळी अडचण नको' असे आई हळू आवाजात सांगते. खो-खोच्या संघातली एक मुलगी अशी वर्षभर डोळे बारीक करून खेळली. तिच्या आईला मी मैदानावर बोलावले आणि सहा मीटरवरून अक्षरे वाचायला लावली, आधी मुलीला आणि मग आईला. दोघींनाही चष्मे लागले.

ही पहिली चाळणी घरच्या घरी करता येते. चाळीची गॅलरी सहा मीटरपेक्षा लांब असतेच. पांढऱ्या कागदावर जाड काळ्या पेनाने इंग्रजी 'ई'चा आकार काढावा, उंची आणि रुंदी १७.५ मिलिमीटर, तोंडे चार दिशांना. खाली दुसरी ओळ ९ मिलिमीटरची. कागद मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर, भरपूर उजेडात लावावा आणि टेप लावून मोजून सहा मीटरवर मुलाला उभे करावे. एक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही. बोटांच्या फटीतून मुले बघतात. 'ई'चे तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायला सांगावे. मग दुसरा डोळा. मोठी ओळ एका जरी डोळ्याने नीट सांगता आली नाही, किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा उघड कमी पडला, तर के. ई. एम. किंवा जे. जे. रुग्णालयाच्या नेत्रविभागात केसपेपर काढून दाखवावे. लहान ओळ चुकली तर महिन्याभरात पुन्हा तपासावे, आणि दुसऱ्यांदाही चुकली तर दाखवावेच. ज्याला दोन्ही ओळी दोन्ही डोळ्यांनी सांगता आल्या त्याचे नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवावी, आणि पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली की त्याला पुन्हा त्याच गॅलरीत उभे करावे.